निळा थोडा कमी

टीव्ही चालू केला, चित्र हळूहळू उजळत गेलं आणि काकू म्हणाल्या, "हा आमचा नाही." त्यांचा मुलगा हसला. "आई, आपलाच आहे. हा बघ वरती तुझ्या उदबत्तीचा डाग." काकूंनी डागावरून बोट फिरवलं, मान हलवली, पण नजर पडद्यावरून काढली नाही. सह्याद्रीवर बातम्या चालू होत्या. निवेदकाचा शर्ट पांढराशुभ्र होता, मागची पट्टी निळी, आणि मला मनातून फार बरं वाटत होतं. काकूंना मात्र बरं वाटत नव्हतं. "डबा आपलाच आहे रे. पण असा नव्हता दिसत. हे लई पांढरं पांढरं दिसायलंय, भाऊ." मुलगा ओशाळला. जुन्या वस्तूंचं काम कुणी मनापासून करून दिलं की लोक चार शब्द बरे बोलतात, निदान चहाला तरी थांबतात. काकू दोन मिनिटं बघून जिना उतरल्या. टीव्ही माझ्याच टेबलावर राहिला.

त्या 20 इंची संचावर माझे कित्येक रविवार गेले होते. आला तेव्हा मेलेलाच होता. मागचं कव्हर काढलं तर आत उंदरानं लग्नपत्रिका कुरतडून घर केलेलं, शेंगांची टरफलं, आणि पिक्चर ट्यूबवर जिथं लाल वायरची टोपी बसते तिथं काळ्या धुळीचा बोटभर थर. तिथं वीसेक हजार व्होल्ट असतात, त्यामुळं घरातली सगळी धूळ, चुलीचा धूर, उदबत्तीची काजळी आधी तिथं ओढली जाते. कोणत्या घरातला टीव्ही आहे हे त्या थराच्या वासावरून बऱ्याचदा कळतं. ह्याला धूप आणि फोडणी, दोन्हींचा वास होता. ब्रशनं साफ केलं. सप्लायमधले कंडेन्सर वाळून गेले होते, ते बदलले. एलओटीच्या, म्हणजे पडद्याला लागणारे हजारो व्होल्ट बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांभोवती ड्राय सोल्डरच्या बारीक गोल भेगा होत्या, त्या भरल्या. एलओटी सोडवून तिच्या जागी सिरीजचा बल्ब लावला, सप्लाय 110 व्होल्टला स्थिर राहतो हे मीटरवर बघितलं आणि मग सगळं परत जोडलं. चित्र आलं. पण सगळा पडदा हळद लागल्यासारखा पिवळा.

हा फॉल्ट बोर्डाचा नव्हता, ट्यूबचा होता. रंगीत ट्यूबच्या मानेत तीन कॅथोड असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. त्यांच्यावरचा बेरियमचा लेप वर्षानुवर्षं तापून तापून थकतो आणि तिन्ही एकाच वेगानं थकत नाहीत. ह्या ट्यूबचा निळा गेला होता. निळा गेला की लाल आणि हिरवा उरतात, आणि लाल-हिरव्या प्रकाशाचा होतो पिवळा. जुने मेकॅनिक त्यावर एक अघोरी उपाय करायचे, तोच मी केला. हीटरला 6.3 व्होल्टऐवजी थोडा वेळ आठ-साडेआठ द्यायचे आणि कॅथोडमधून जोराचा करंट ओढून वरची पापडी जाळायची. साधलं तर ट्यूब पुन्हा तरणी होते. नाही साधलं तर त्याच सेकंदाला संपते, आणि नवी मिळत नाही, कारण आपल्याकडं पिक्चर ट्यूब बनणं केव्हाच थांबलंय. मानेत दोन-तीन निळसर ठिणग्या दिसल्या. मी श्वास रोखून बसलो होतो. साधलं.

त्यानंतर व्हाईट बॅलन्स. ह्यात घाई चालत नाही. कलरचं बटण शून्यावर नेऊन रंगीत टीव्हीला आधी ब्लॅक अँड व्हाईट करायचं. ट्यूबच्या बेसच्या बोर्डावर पाच छोटे प्रिसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या कळा, असतात. त्यातले तीन फिरवून अंधारातला रंग काढायचा, उरलेले दोन फिरवून उजेडातला. काळ्यात, राखाडीत, पांढऱ्यात कुठंच कसलीही झाक राहिली नाही की मग कलर वाढवायचा. जो रंगीत टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट नीट दाखवत नाही, तो रंगही नीट दाखवत नाही. हे मला एका दुकानदारानं शिकवलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. मी खोलीत अंधार करून, समोर आरसा ठेवून, मागून स्क्रूड्रायव्हर घालून हे सगळं केलं होतं.

आणि काकू म्हणाल्या, असा नव्हता.

खरं सांगतो, राग आला. पॅल ह्या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीवर चालणाऱ्या टीव्हीला रंग चुकवायला फारशी जागाच नाही. टेलिफुंकन कंपनीतल्या वॉल्टर ब्रूख ह्या जर्मन इंजिनिअरनं ही पद्धत बसवली, 1967 मध्ये युरोपात सुरू झाली, आणि 1982 मध्ये आपण रंगीत झालो तेव्हा तीच घेतली. प्रक्षेपणात वाटेत रंगाची फेज, म्हणजे रंगाच्या लहरीची वेळ, थोडी सरकली तर चेहरा हिरवट किंवा जांभळा पडू शकतो. अमेरिकेतल्या संचांना म्हणून टिंटचं वेगळं बटण असायचं, ज्यानं त्यानं आपापल्या घरी चेहरे नीट करून घ्यायचे. ब्रूखनं काय केलं, तर एक ओळ सोडून एका ओळीत फेज उलटी केली. टीव्हीच्या आत काचेच्या एका तुकड्यातून ध्वनिलहरीच्या रूपात रंगाची एक ओळ पाठवतात. तिथं ती जेमतेम 64 मायक्रोसेकंद रेंगाळते, तेवढ्यात पुढची ओळ येते, दोघींची सरासरी निघते आणि चूक चुकीला मारते. रंग जरा फिका पडतो, पण बदलत नाही. म्हणून आपल्या टीव्हीला ब्राईटनेस, कॉन्ट्रास्ट आणि कलर एवढीच बटणं. कलर म्हणजे किती, कोणता नाही. कोणता, हे मुंबईहून ठरून यायचं. मग काकू कोणाच्या जोरावर सांगतात की असा नव्हता?

ह्या छंदाबद्दल घरात दोन मतं आहेत. बायकोचं मत असं की ज्या यंत्रावर बघण्यासारखं काही येत नाही ते यंत्र दुरुस्त करत बसण्यापेक्षा उन्हाळ्यात रिकामा कूलर चालवणारा शेजारी बरा. तिचं तसं चूक नाही. म्हैसमाळच्या टॉवरकडं तोंड करून आमच्या अख्ख्या तालुक्यानं अँटेना बांधल्या, तिथून आता हवेत ह्या डब्यांसाठी काही येत नाही. दूरदर्शननं 2022 पर्यंत जवळपास सगळे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद केले. आता सेटटॉप बॉक्स घ्यायचा, त्याचं एव्ही एका मॉड्युलेटरला द्यायचं, मॉड्युलेटरनं त्याचा खोटा चॅनेल बनवायचा आणि टीव्हीला वाटायचं की म्हैसमाळहून आलं. वर-खाली काळ्या पट्ट्या, मधे चिमुकलं चित्र. (अँटेना फिरवायच्या गोष्टी इथं सांगत नाही. त्या सगळ्यांनी लिहून झाल्यात आणि प्रत्येकाच्या गोष्टीत धाकटा भाऊच कौलावर चढलेला असतो.)

मुलीचं मत वेगळं नाही, पण ती मला लागते. 625 ओळी, सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे सेकंदाला 15,625 ओळी. तेवढ्या वेळा एलओटी आकसते-प्रसरते आणि तिची एक बारीक शिट्टी वाजते. लहानपणी शेजारच्या घरात टीव्ही लावला की चित्र-आवाज काही नसताना नुसत्या त्या शिट्टीवरून मला अंगणात कळायचं. आता ऐकू येत नाही. वय वाढलं की वरचे स्वर आधी जातात. लाईन सेक्शन जिवंत झाला का हे बघायला माझ्याकडं मीटर आहे, पण मी गच्चीवरून खाली हाक मारतो, "वाजतंय का?" ती अभ्यासाच्या टेबलावरून ओरडते, "वाजतंय! बंद करा, डोकं दुखायलंय!" मीटर उजवा की ती, ह्यात मला शंका नाही. फक्त ती पुण्याला गेल्यावर काय, हा विचार मी पुढं ढकलत असतो.

सुट्या भागांसाठी रविवारी जाफर गेटचा बाजार. संभाजीनगरला बाहेरून येणारे लोक वेरूळ बघतात, बीबी का मकबरा बघतात. मला विचाराल तर गावाची खरी वही तिथं उघडी पडलेली असते. सायकलच्या चेन, नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, रिमोटचा ढीग, आणि कधीमधी एखादं मदरबोर्डासारखं दिसणारं पण जुन्या टीव्हीचं अख्खं चेसिस. मी नंबर वाचत बसतो. एलओटीचा नंबर जुळला पाहिजे, नाही तर काही उपयोग नाही. विकणाऱ्याला नंबरशी देणंघेणं नसतं, त्याला तांब्याशी असतं. भंगारवाला टीव्ही घेतो तो योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या वेटोळ्याच्या, तांब्यासाठी. ट्यूबची मान हातोडीनं उडवायची, योक ओढून घ्यायचा, बाकीची काच नाल्यात. त्या काचेत शिसं असतं, किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून मुद्दाम घातलेलं. पैठण गेटकडं जाताना एकदा तसा ढीग पाहिला आणि दिवसभर कशात मन लागलं नाही. दुसरा शत्रू म्हणजे युनिव्हर्सल किट. काही वर्षांपूर्वी कोणत्याही कंपनीचा टीव्ही बिघडला की मेकॅनिक आतलं सगळं काढून चायनाचं एक हिरवं किट बसवायचे. गिऱ्हाईक खूश, रिमोट चालायचा, गेमसुद्धा मिळायचे. मी असे डबे उघडतो आणि बंद करून ठेवतो. त्यात माझ्यासाठी काही उरलेलं नसतं. मात्र त्या मेकॅनिकांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत रात्री शेतातले पंप चालू झाले की गावात व्होल्टेज दीडशेवर यायचं, चित्र चारी बाजूंनी आखडायचं, आणि लाईट जाऊन येताना काहीतरी उडायचंच. त्यांना गिऱ्हाईकाला संध्याकाळपर्यंत टीव्ही चालू करून द्यायचा असायचा. माझ्यासारखा रविवार त्यांच्याकडं नव्हता.

आमच्या गावात, वैजापूरकडं, पहिला टीव्ही डेअरीच्या चेअरमनांकडं आला, ब्लॅक अँड व्हाईट, दारं असलेला. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची तेव्हा आम्ही पोरं पुढं, बायका मागं, आणि दारात चपलांचा खच. आम्ही पोरांनी त्या मालिकेतले सगळे रंग ठरवून टाकले होते. कुणी सांगितलं नव्हतं, भांडून ठरवले होते. अमक्या राजाचं उपरणं लाल, राणीचा शालू जांभळा, रथ अर्थातच सोन्याचा. पुढं आत्याकडं वैजापुरात रंगीत टीव्ही आला आणि एका रविवारी मला तो भाग तिथं बघायला मिळाला. उपरणं हिरवं होतं. पोपटी म्हणावं असं हिरवं. मला आठवतंय, आनंदापेक्षा काहीतरी बिनसल्यासारखं झालं होतं. गावात परत येऊन मी ते कुणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी चेअरमनांच्या ओट्यावर बसलो तेव्हा उपरणं पुन्हा लालच होतं, सगळ्यांचं होतं तसं.

हे इतक्या वर्षांनी मला काकूंमुळं आठवलं. पण काकूंचं प्रकरण त्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं.

आमच्या कॉलनीत एक गृहस्थ आहेत, चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात बरीच वर्षं लाईनवर होते. पैठण रोडवरून पहाटे कंपनीच्या बसेस जायच्या, त्या बसमधली ही पिढी. 2018 मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं, त्याच्या आधीच ते निवृत्त झाले होते. कारखान्यातलं सांगायला लागले की हातवारे करून अदृश्य स्क्रूड्रायव्हर फिरवतात. त्यांना मी काकूंची तक्रार सांगितली, थोडी चेष्टेनं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही पांढरा कोणता लावला?" म्हटलं, पांढरा म्हणजे पांढरा. "अहो, पांढऱ्याला नंबर असतो." मग त्यांनी जे सांगितलं ते मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण डोक्यात कधी भिनलं नव्हतं. पॅलच्या स्टुडिओचा पांढरा 6500 केल्व्हिनचा, दुपारच्या ढगाळ उजेडासारखा, थोडा उबदार. जपानी संचांचा पांढरा 9300 च्या आसपास, म्हणजे निळसर. आणि आपल्याकडचे बरेच संच जपानी तंत्रावर निघालेले: व्हिडिओकॉनला तोशिबाची साथ, ओनिडाला जेव्हीसीची, बीपीएलला सान्योची. "निळसर पांढरा दुकानात उठून दिसतो," ते म्हणाले. "दहा टीव्ही ओळीनं लावले की गिऱ्हाईक निळसराकडंच बोट करतं. आपल्याकडं धुतलेल्या कपड्याला नीळ घालतात, तेच."

घरी येऊन मी बराच वेळ त्या डब्यासमोर बसलो. म्हणजे काकूंचा टीव्ही घरी आला तेव्हा निळसर असणार. मग निळा कॅथोड वर्षावर्षानं थकत गेला, चित्र हळूहळू उबदार होत गेलं, आणि मधल्या कुठल्या तरी काळात, काही महिने किंवा एखादं वर्ष, योगायोगानं ते स्टुडिओतल्या रंगाला नेमकं येऊन मिळालं असणार. पुढं तिथूनही घसरत पिवळं झालं. मी जो लावला होता तो ह्यातला कोणता? माझ्या डोळ्यांना जो पांढरा वाटला तो. आणि माझे डोळे एलईडी बल्बाच्या, मोबाईलच्या उजेडात वाढलेल्या सवयीचे, म्हणजे तेही निळ्याकडंच झुकलेले. कारखान्याचा रंग, स्टुडिओचा रंग, माझा रंग आणि काकूंचा रंग. ह्यात खरा कुठला ते यंत्राला विचारून कळणार नव्हतं.

त्या रविवारी मी टीव्ही गाडीत घालून त्यांच्या घरी नेला. जुन्या जागी, कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. मुलानं विचारलं, "सर, अजून काही राहिलं होतं का?" म्हटलं, थोडं. मागचं कव्हर उघडं ठेवून मी पाठीमागं बसलो आणि काकूंना समोर बसवलं. आरसा नको म्हटलं. निळ्याचा प्रिसेट इतकुसा फिरवला. "आता?" "अजून पांढरंच दिसायलंय." अजून थोडा. "आता?" काही बोलल्या नाहीत. लाल नखभर वाढवला. मला पडदा दिसत नव्हता, समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड तेवढा दिसत होता. तो संध्याकाळसारखा होत गेला. मग काकू म्हणाल्या, "हां. बस. हाच." आणि थोड्या वेळानं, मुलाकडं न बघता, "तुझे पप्पा गेले तेव्हा असाच होता. लावलेलाच होता तवा."

मी पुढं येऊन बघितलं. निवेदिका कावीळ झाल्यासारखी दिसत होती. कुणाही मेकॅनिकनं हे चित्र असं सोडलं नसतं. माझे हात शिवशिवत होते. काकूंनी चहा केला, बरोबर भाजलेल्या शेंगा दिल्या, आणि आम्ही तिघं त्या पिवळ्या बातम्या संपेपर्यंत बघत बसलो. उठताना मुलगा हळूच म्हणाला, "सर, आई झोपल्यावर मी परत नीट करून घेऊ का?" त्याला प्रिसेट कुठले ते दाखवलं नाही.

हे बरं केलं की वाईट, ह्यावर माझं अजून नीट जमत नाही. कारागीर म्हणून मला ते चित्र खटकतं. एखाद्या पडक्या मंदिराची डागडुजी करताना वरचा शेंदूर खरवडावा की ठेवावा ह्यावर शहाणी माणसं भांडतात, आणि दोन्ही बाजूंना काही तरी म्हणायचं असतं. माझ्या बाजूनं एवढंच बदललं की आता डबा आला की ब्रश लावायच्या आधी मी प्रत्येक प्रिसेटच्या कडेला मार्करनं बारीक खूण करतो, मोबाईलवर फोटो घेतो, आणि आणणाऱ्याला विचारतो की शेवटी शेवटी कसा दिसायचा. लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. एकजण म्हणाला, "मुंग्या दिसायच्या." बरोबर होतं, ट्यूनर गेलेला होता.

सध्या टेबलावर जालन्याहून आलेला एक 21 इंची आहे. सप्लाय ठीक आहे, चित्र वर-खाली पसरवणारा व्हर्टिकलचा आयसी गेलाय, पडद्यावर मधोमध एक आडवी रेघ येते तेवढीच. हे अर्ध्या तासाचं काम आहे. अडलंय दुसरंच. कॅबिनेटच्या उजव्या बाजूला कुणीतरी कंपासच्या टोकानं शाळेतली हजेरी कोरावी तशी नावं कोरून ठेवलीयत, आणि खाली क्रिकेटपटूंचे च्युइंगममधले स्टिकर, उन्हानं पांढरे पडलेले. ज्यानं टीव्ही आणला त्याला कॅबिनेट नव्यासारखं पाहिजे, पॉलिश मारून, दुकानात शोला ठेवायचंय. त्याच्या मोठ्या बहिणीचा फोन आला की नावांना हात लावायचा नाही, तिसरं नाव तिचं आहे. मी म्हटलं, घरी बसून ठरवा आणि दोघांपैकी एकानंच मला फोन करा. त्याला आता बरेच दिवस झाले. आयसी आणून ठेवलाय, तो तरी बसवून घेतो.